काचेचं एक कौल

कॅनव्हास टेकवला तो काजूच्या पोत्यांना.
वेंगुर्ल्याच्या त्या शेडमध्ये स्टँडचे तीन पाय
सपाट टेकतील अशी जागाच नव्हती,
जिकडे तिकडे टरफलं.

पहिल्या दिवशी नुसता अंबर, टर्पेंटाइनमध्ये पातळ,
चहाच्या चोथ्याच्या रंगाचा.
त्यात सात जणी म्हणजे सात गाठोडी.
चेहरे मागाहून. आधी कोण कुणाला खेटून आहे ते.
सत्यभामा वाकली की सावली हमिदाच्या मांडीवर,
हमिदा सरकली की फिलोमिन उजेडात.
आणि उजेड तरी केवढा,
छपरात काचेचं एक कौल,
मालकाने मोजून एकच बसवलेलं.
अकराला ते फिलोमिनच्या खांद्यावर,
दोनला तराजूच्या पारड्यात,
चारनंतर कुणाचंच नाही.

डोळे बारीक करून बघा, असं पोरांना सांगत आलो
बत्तीस वर्षं. तपशील गळतो, वजन उरतं.
इथे सांगावं लागत नाही.
भट्टीचा धूर आहे.

"मास्तरांनू, हात काढू नकात,"
अनसूया मान वर न करता म्हणाली.
"तोंडां काढा. हात काय बरे दिसत नाय."
मी ऐकलं.
हात टोपल्यांत बुडवले, पदराखाली सारले,
एकीचे तर पोत्याआड.
चित्र गोड होत गेलं
आणि निजलं.

मधल्या सुट्टीत हमिदाने माझ्या वाटीत बोट घातलं.
कसलं तेल?
जवसाचं.
भाजत नाही?
नाही.
तिने ते बोट दुसऱ्या हाताच्या चिरांवरून
सावकाश फिरवलं, वास घेतला,
आणि पुन्हा राखेच्या डब्यात दोन्ही हात घालून
कामाला बसली.
काजूचा चीक काही विचारत नाही,
कातडीत शिरतो, नख काळं करतो,
सणासुदीला, लग्नाकार्याला,
मेंदीच्या खालूनसुद्धा वर येतो.

पंधरवड्याने सगळ्या बघायला आल्या.
फिलोमिनला नाक आवडलं.
सत्यभामा म्हणाली, मी इतकी जाडी?
अनसूया बराच वेळ गप्प. मग,
"ही बायलमाणसां करतत काय?"

मी बघितलं. खरंच.
कीर्तनाला बसल्यासारख्या सात जणी,
बुवा यायचे आहेत.

त्या रात्री सुरीने खरवडलं.
हवा अशी की रंग अजून ओलाच होता,
समुद्र कोकणात काही वाळू देत नाही,
पापड नाही, चादर नाही, चूक नाही.
बरं झालं.

हातांचा काळा नळीतला चालेना, मेलेला दिसायचा.
अल्ट्रामरीनमध्ये अंबर घातला, थोडा लाल,
बोटांच्या पेरांवर राखेचा करडा.
चौदा हात. दहा दिवस.
पातळावर जाड, जाडावर पातळ नाही,
हा एक नियम आयुष्यात मी धड पाळला.

अकराव्या दिवशी सुगंधाची जागा रिकामी.
पेडण्याला हॉटेलात लागली, फिलोमिनने सांगितलं,
तिथे हातमोजे देतात.
मालक म्हणाले, मग ती काढून टाका,
नाहीतर उद्या सगळ्याच मागतील.
कॅनव्हास त्यांचा, पैसे त्यांचे.
तिच्यावर मी भिंत रंगवली, चुन्याची, ओल धरलेली,
एक खुंटी, खुंटीला पिशवी.
सहा जणी त्या पोकळीकडे जराशा सरकलेल्या दिसतात.
त्यांना मी हलवलेलं नाही.

आता ते ऑफिसात आहे, वजनकाट्याच्या वर.
समोरून भिंत म्हणजे भिंतच.
पण संध्याकाळी दार उघडलं
आणि उजेड आडवा आला,
की चुन्याखालून रंगाची एक कड उठते,
कोपर. काम करणारं.

मालकाच्या लक्षात आलेलं नाही.
अनसूयेच्या आलंय. हजेरी लावताना
ती तिकडे बघते, आणि मुकादमाला
सात म्हणते.

खालच्या कोपऱ्यात सहीजवळ
काजूचं एक तांबूस साल उडून चिकटलंय.
चिमट्याने काढायला गेलो होतो.
मग चिमटा परत खिशात ठेवला.